फलकाची खालची पट्टी

“पेंटर, ती खालची पट्टी पूस. आज पुरा फलक साहेबांचा,” नाना म्हणाले.

मी फडकं हातात धरून उभा राहिलो. पट्टी मी थोड्या वेळापूर्वीच लिहिली होती. अजून नीट वाळलीही नव्हती.

आधी फलक म्हणजे काय ते सांगतो. केजच्या चौकात तेव्हा दोन फलक होते, समोरासमोर. काळा रंग दिलेला पत्रा, माणसापेक्षा उंच. पांढरी पावडर डिंकाच्या पाण्यात कालवायची आणि ब्रशने लिहायचं. ओल्या फडक्याने पुसलं की पत्रा परत कोरा. एक फलक खरेदी-विक्री संघाचा, म्हणजे नानांचा. नाना संघाचे चेअरमन. दुसरा विरोधी पार्टीचा, म्हणजे वकीलसाहेबांचा. रोज सकाळी दोन्हीकडे राजकारणाचा मजकूर, आणि दोन्ही मीच लिहायचो. एकाची टीका लिहायची, रस्ता ओलांडायचा आणि तिचं उत्तर लिहायचं. हे सगळ्यांना माहीत होतं. तुझं स्वतःचं मत काय, असं मला कुणी कधी विचारलं नाही. त्याबद्दल मी दोघांचाही आभारी आहे.

नानांच्या फलकाला तळाशी वीतभर पट्टी सोडलेली असायची. तिच्यात राजकारण नाही, असा रिवाज. टँकर कोणत्या वस्तीला, छावणीत चारा आला का, एवढंच. छावणी म्हणजे दुष्काळात जनावरं जगवायचा तळ. चारा-पाणी तिथेच, जनावरंही तिथेच आणि धनीही जनावरांपाशीच. केजची छावणी तेव्हा नदीकाठी होती, ती संघ चालवत होता. त्या सकाळी पट्टीत होतं: ‘संघाची छावणी उद्यापासून बीड रस्त्याच्या माळावर. नदीकाठी चारा-पाणी मिळणार नाही.’ नदीकाठचं बोअर आटलं होतं.

पण आदल्या दिवशी दिल्लीत खातेबदल झाला होता. आमच्या भागातले साहेब केंद्रात शेतीचे राज्यमंत्री होते. त्यांची शेती काढून त्यांना मत्स्यव्यवसाय दिला. म्हणजे मंत्री राहिले, पण माशांचे. वकीलसाहेबांनी सकाळी मला बोलावून दोनच ओळी दिल्या: ‘साहेबांची शेती गेली, मासे आले. मासे केजात ठेवणार कुठं? टँकरमध्ये?’

चौक हसत होता. नाना संघाच्या पायरीवरून ते वाचत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मला त्यांचं वाईट वाटलं. छावणीची मंजुरी साहेबांनीच स्वतः फोन करकरून आणली होती. त्या माणसाची भर बाजारात अशी थट्टा नानांना सोसेना.

“तू समुद्राकडचा ना बे?”

“हो नाना. देवगडच्या बाजूचा.”

“मग सांग. माशाचं खातं बारकं असतंय का?”

“आमच्याकडे नाही. होड्या रिकाम्या आल्या तर आमच्या गावात चूल पेटत नाही.”

“लिही त्येच. म्हणावं, कोकणातल्या माणसाला इचारा.”

मजकूर वाढत गेला. साहेबांची कामं, शेतीसाठी केलेली भाषणं, विरोधकांना चार टोले. अक्षर लहान केलं, ओळी जवळ घेतल्या, तरी जागा पुरेना. मग नाना म्हणाले, पट्टी पूस.

“नाना, छावणीचं?”

“भोंग्याची जीप फिरती ना वस्त्यांवर. तू पूस.”

मी पुसली. खालच्या जागेत ‘साहेबांच्या कार्याला तालुक्याचा सलाम’ लिहिलं.

नानांना नाही म्हणणं मला जमणारं नव्हतं. माझी शाळा सातवीत सुटली. एका रस्त्याच्या ठेकेदाराबरोबर किलोमीटरचे दगड रंगवत रंगवत मी घाट चढून इकडे आलो. केजला काम संपलं, ठेकेदार निघून गेला, मी राहिलो. रोड-रोलरच्या सावलीत झोपत होतो. नानांनी पाहिलं आणि गोदामामागची खोली दिली. भाडं कधी मागितलं नाही. त्या खोलीला दार होतं, आतून कडी होती. ती जाईल या धास्तीने मी तेव्हा नानांसमोर मोठ्याने खोकतही नव्हतो.

बाजारचा दिवस होता. वस्त्यांवरची माणसं आठवड्यातून एकदा त्या दिवशीच येत. कलिंदामावशी आल्या. त्यांचा लेक आणि सून ऊसतोडीला ट्रॅक्टरवर गेलेले. घरी मावशी आणि दोन बैल. वैरण संपली म्हणून बैल छावणीत घालायचे होते. त्यातला एक इतका खंगला होता की बसला तर माणसं लावून उठवावा लागे.

मावशींना वाचता येत नव्हतं, पण पट्टी कुठे असते ते ठाऊक होतं. फलकाच्या तळाशी हात ठेवून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. त्या दिवशीही विचारलं, “हितं काय लिवलंय, बाबा?”

“साहेबांच्या कार्याला सलाम.”

“आन् छावणीचं?”

“काई न्हाई.”

“मंजी हाय तिथंच हाय,” म्हणत त्यांनी गाठोडं उचललं.

मी शिडीवरून उतरून त्यांच्यामागे गेलो. “मावशी, नदीकडे जाऊ नका. छावणी उद्यापासून माळावर आहे.”

“खरं का? आरं, आमच्या वस्तीची समदी घरं आज सांजच्याला जनावरं घिऊन नदीकडंच निघणार हायेत. तू मला सांगितलंस. त्यांना कोण सांगंल?”

“भोंग्याची जीप येईल.”

“जीप? ती सकाळीच बीडला गेली. साहेबांच्या सत्काराला. टपावर बसून माणसं गेली, म्या बघितली की.”

नदीकाठून माळ म्हणजे तालुक्याचं दुसरं टोक. खंगलेलं जनावर तेवढं उलटं चालणार नव्हतं. तहसीलच्या भिंतीवर लिहू म्हटलं तर परवानगी पाहिजे. लोक थांबून वाचतील अशी जागा चौकात आणखी एकच होती. मी रस्ता ओलांडला.

“जय भीम, वकीलसाहेब. तुमच्या फलकाची खालची पट्टी पाहिजे.”

“कावून?”

“छावणीची सूचना लिहायची आहे.”

“नानाच्या छावणीची? माझ्या फलकावर?” त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “नानानं पाठवलं?”

“नाही. त्यांना माहीत नाही.”

“मग तुझं काही खरं न्हाई, पेंटर.” ते हसले, मग हसायचे थांबले. “लिही. माझं वरचं पुसू नको. आन् छावणी संघाची हाय, हे स्पष्ट लिही. उगं माझ्या नावावर खपवू नको.”

त्यांच्या फलकावर दोनच ओळी होत्या, जागा भरपूर होती. मी अक्षर मोठं घेतलं. शेवटच्या अक्षरावरून ब्रश उचलेपर्यंत मागे माणसं जमली होती. एक जण मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. कुणी लगेच सायकल काढून वस्तीकडे निघालं. नानांच्या फलकापुढे कुणी नव्हतं.

“पेंटर.”

नाना मागे उभे होते.

“खोली कुणी दिली तुला?”

“तुम्ही, नाना.”

“मग माझी छावणी त्याच्या दारात कावून?”

“नाना, तुमच्या फलकावर जागा नव्हती.”

“आन् जीप?”

“ती बीडला गेली.”

जीप नानांनीच धाडली होती. तेवढ्यात कलिंदामावशी गर्दीतून पुढे आल्या. “नाना, बरं केलंत येळंवर लिवलंत. न्हाईतर माजा बैल नदीवरच बसला असता. लई उपकार.”

नाना मावशींकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. “उपकार कशाचे, मावशी. जावा, जनावरं संभाळून आणा,” एवढंच म्हणाले.

मावशी गेल्या. नानांनी मग वकीलसाहेबांच्या दोन ओळी पहिल्यांदाच जवळून वाचल्या. दोनदा वाचल्या असाव्यात. मिशीत हसू आलं, ते त्यांनी हाताने पुसलं.

“टँकरमध्ये म्हणं. हे डोस्कं त्याचंच का तुझं?”

“त्यांचंच.”

“बरं लिवलंय बेट्यानं.” मग जाता जाता म्हणाले, “पट्टी उद्या आपल्या फलकावर परत घे. आन् जरा रुंद कर.”

खोलीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी मात्र त्या दिवशी कडी लावून बराच वेळ बसून होतो.

दुसऱ्या दिवशी माळावर गेलो. छावणीचा बोर्ड रंगवायचा होता. मावशींचे दोन्ही बैल हौदापाशी होते. खंगलेला पाणी पीत होता, स्वतःच्या पायावर उभा राहून.

पुढे दिल्लीत आणखी एकदा खाती बदलली. साहेबांचे मासेही गेले. दोन्ही फलक मी पुसले आणि नवीन मजकूर लिहिला. पट्टी तेवढी पुसली नाही, तिच्यात टँकर होता.

या धंद्यात कुणी नवीन आलं तर मी एकच गोष्ट शिकवतो. फलक वरून खाली लिहितात. लोक खालून वर वाचतात, आणि वरपर्यंत पोचतीलच असं नाही.