घेणाऱ्याकडून विमलताई

दिग्रसमध्ये घर घ्यायचं असो, विकायचं असो, भाड्यानं द्यायचं असो की नुसती भिंत फोडून खिडकी बसवायची असो, आमच्या भागातला माणूस गवंड्याआधी विमलताईंकडे जायचा. त्यांना या कामावर कुणी नेमलं नव्हतं, आणि कुणी नेमायची वाट बघत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. यजमान दीनानाथराव पाटबंधारे खात्यात. आयुष्यभर बदल्या. आज उमरखेड, उद्या केळापूर, कुठे स्लॅब गळतोय, कुठे न्हाणीचं पाणी उलटं स्वयंपाकघरात येतंय. अशा परक्या घरांत संसार करता करता बाईंनी जी विद्या मिळवली, ती पुढे गावाला फुकट वाटली, आणि फुकट आहे म्हणून कुणाला नको म्हणायची सोय ठेवली नाही.

घर पाहायला त्या छत्री घेऊन जायच्या. पावसाळा असो नसो. छत्रीच्या टोकानं गिलावा ठोकायच्या आणि पोकळ आवाज आला की घरमालकाकडे अशा बघायच्या, की तो बिचारा आपणहून किंमत कमी करायचा. अख्ख्या घरात एकाच भिंतीला नवा रंग दिसला की म्हणायच्या, "हिलेच रोग हाये." कॅलेंडर जरा खाली टांगलेलं असलं की आधी ते उचलून मागची भेग बघायच्या. घर पाहायचं तर मे महिन्यात भर दुपारी पाहावं आणि त्या घरचं कुत्रं कुठे झोपतं ते बघावं, म्हणजे पलंग कुठे टाकायचा ते कळतं, हे त्यांचंच. बादलीभर पाणी न्हाणीत ओतून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि पाणी कुठल्या कोपऱ्यात थबकतं ते पाहायच्या. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

सगळंच बरोबर निघायचं असं नाही. आमच्या स्वयंपाकघरात हवा खेळत नाही म्हणून त्यांनी माझ्या बायकोला, भैरवीला, पश्चिमेला खिडकी काढायला लावली. हवा खेळली. पण त्याच बाजूला जिनिंग आहे. कापसाचा हंगाम सुरू झाला आणि आमच्या वरणात रुई उतरायला लागली. मी तक्रार केली तर म्हणाल्या, "झाकण ठेवत जा ना भाऊ. खिडकीचा काय दोष?" तेव्हापासून आम्ही हंगामभर ती खिडकी बंदच ठेवतो, आणि विमलताई आल्या की उघडतो.

त्यांचं एक ठाम मत होतं आणि ते त्या कुणालाही, कुठेही ऐकवायच्या. घरात जीव गुंतवू नये. घर म्हणजे विटा अन् सिमिट. गरज सरली की विकावं आणि मागे वळून बघू नये. शेजारच्या बसंतीबाई आपलं घर विकताना रडायला लागल्या, तर रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर सगळ्यांसमोर त्यांनाही हेच ऐकवलं. बसंतीबाई त्यानंतर त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि मला विचाराल तर बरोबर केलं.

मग पाळी त्यांच्यावरच आली.

मुलगा चारुदत्त पुण्याला होता. त्याचा फोन आला, की आता तुम्ही दोघं थकलात, दिग्रसचं घर विका आणि आमच्याजवळ फ्लॅट घ्या. शेताचं ओझंही नको. दीनानाथरावांना ते पटलं. शेत बटाईनं दिलेलं होतं आणि कापसाची ती वर्षं कशी होती ते इथल्या माणसाला सांगायला नको. बियाणं महाग, भाव पडलेला, आणि वाट्याला आलेला कापूस मधल्या खोलीत छताला टेकलेला, कारण भाव वाढेल म्हणून कुणीच विकत नव्हतं. चारुदत्त म्हणाला, "आईचा प्रश्नच नाही. आई प्रॅक्टिकल आहे." फोन दीनानाथरावांच्या हातात होता, पण आवाज खोलीभर ऐकू येत होता. विमलताई म्हणाल्या, "विकून टाका. त्यात काय एवढं."

त्याच दिवशी दुपारी त्या विरजण मागायला आमच्याकडे आल्या आणि भैरवीजवळ ओट्याला टेकून रडल्या. "मले नाही जाचं पुण्याले," म्हणाल्या. भैरवी म्हणाली, मग तसं सांगा. तर म्हणाल्या, "कोणत्या तोंडानं सांगू? उभ्या गावाले मी काय सांगत आली?" विरजण न घेताच गेल्या. भैरवीनं मला हे सगळं सांगितलं आणि बाहेर बोललास तर याद राख, असा दमही दिला. त्यामुळे मी गप्प होतो, पण मला फार वाईट वाटत होतं. ज्या बाईनं माझ्या वरणात रुई पाडली, तिच्यासाठी मला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

गिऱ्हाईकही चांगलं आलं. जवळच्या खेड्यातले पुंडलिकराव. रस्त्याला लागून असलेला शेताचा तुकडा त्यांनी पेट्रोल पंपवाल्याला दिला होता, आणि मुलं शिकायला गावात आणायची होती. कपिल आणि अर्पिता रोज एसटीनं दिग्रसला यायची. रविवारी सकाळी पुंडलिकराव पत्नी तानाबाईंना घेऊन आले. मी तेव्हा तिथेच पेपर वाचायला बसलो होतो. शेजाऱ्याचा पेपर जरा जास्त चांगला लागतो.

चहा झाला आणि पुंडलिकरावांनी विमलताईंना हात जोडले. "ताई, आमच्या साळ्याचं घर तुमीच पाह्यलं. भावाचा प्लॉट तुमीच पाह्यला. तुमी पाह्यल्याबिगर मी इसार देत नाई."

दीनानाथराव हसले. "अहो, घर हिचंच आहे."

"असंन ना साहेब. पण आमच्या बाजूनं पाहाले दुसरं कोन हाये? घंटाभर इसरून जा म्हना ताईले, का घर आपलं हाये."

जगात दुसरीकडे कुठे विकणारीलाच घेणाऱ्याकडून पाहणीला बोलावत असतील असं मला वाटत नाही. पण आमच्याकडे एकदा एखाद्यावर भरवसा ठेवला की ठेवला. मी विमलताईंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत अशी काही चमक आली की मी मनात म्हटलं, आता या घराची धडगत नाही.

त्या उठल्या. छत्री घेतली, चपला घातल्या, फाटकाबाहेर गेल्या, फाटक लावून घेतलं आणि बाहेरून कडी वाजवली. "घरमालक हायेत का घरी?"

"विमल, काय चाललंय हे?" दीनानाथराव बनियनवर उठून उभे राहिले.

"वळख दाखवू नोका साहेब. मी घेणाऱ्याकडून आली." आणि फाटकाच्या बिजागरीकडे छत्री रोखून, "हे फाटक उचलून लावा लागते. आपण कधी दुरुस्त केलं नाही?"

"तूच म्हणाली होतीस, राहू दे."

"माझं नाव कायले घेता? मी आज पहिल्यांदा येऊन राह्यली."

पुढे त्यांनी त्या घराची जी दशा केली ती मी डोळ्यांनी पाहिली. पुढच्या खोलीत कॅलेंडर उचललं आणि मागची भेग पुंडलिकरावांना बोट घालून दाखवली. न्हाणीत पाणी ओतलं. ते मोरीकडे न जाता दाराकडे आलं, तेव्हा अगदी समाधानानं मान हलवली. जिन्याची खालून दुसरी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे, तिथे आलागेला प्रत्येक माणूस ठेचकाळतो, हे सांगितलं आणि पुराव्यासाठी मलाच चढायला लावलं. मी ठेचकाळलो. देवघराच्या चौकटीला उधई, म्हणजे वाळवी, लागली होती, ती छत्रीच्या टोकानं झाडून खाली पाडली. दीनानाथराव आधी हसत होते, मग गप्प झाले, मग सदरा घालून आले, जणू आता चौकशी समितीच पुढे बसली आहे.

"काय हो घरमालक, या खिडकीतून पाणी येते का पावसाचं?"

"येत नाही," दीनानाथराव कुरकुरले.

"खोटं बोलून राह्यले हे," विमलताई पुंडलिकरावांना म्हणाल्या. "पातेलं ठेवा लागते."

मधल्या खोलीत कापूस. तिथल्या भिंती दिसतच नव्हत्या. विमलताई म्हणाल्या, घरात कापूस असला तर घर पाहूच नये, त्याच्यामागे काय काय लपतं ते देवालाच ठाऊक. आतापर्यंत एक अक्षर न बोललेल्या तानाबाईंनी पदर खोचला आणि खांद्यापर्यंत हात ढिगात घातला. चाचपून म्हणाल्या, "ओल हाये." कापूस साठवलेल्या खोलीत दारं लावून माणूस उभा राहिला की जे होतं ते आम्हा सगळ्यांना व्हायला लागलं. मी मान खाजवत होतो, पुंडलिकराव पाठ, दीनानाथराव पोटऱ्या, आणि त्या खाजवण्यातच विमलताई छत्रीनं स्लॅबचा कोपरा दाखवून सांगत होत्या, की इथे सळई उघडी पडली आहे.

एवढं ऐकून दुसरा कुणी असता तर चपला शोधायला लागला असता. विमलताईंचा बेत तोच होता, मला कळत होतं. पण पुंडलिकराव पुढच्या खोलीत येऊन खुर्चीवर ऐसपैस बसले. "साहेब, मी आतालोक लय घरं पाह्यली. सगळे चांगलंच सांगतेत. इतकं खरं सांगनारं घर मले भेटलं नाई. जे वाईट हाये ते आता समदं मालूम झालं, दुरुस्त करून घेऊ. मले पसंत हाये. इसाराचं बोला."

विमलताईंचा चेहरा असा उतरला की बघवेना. हातातली छत्री त्यांनी कोपऱ्यात ठेवली, चहाचे कप गोळा केले आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्यांच्यामागे तानाबाई गेल्या. मी पाणी प्यायचं निमित्त करून दारापर्यंत गेलो. चांगली सवय नव्हे, पण त्या दिवशी तिचा उपयोग झाला.

तानाबाई विचारत होत्या, "ताई, समदं पाह्यलं. एक इचाराचं राह्यलं. या घरची बाई कायले इकून राह्यली?"

विमलताई कप विसळत राहिल्या. "मले काय माहीत? मी घेणाऱ्याकडून आली."

"मंग इचारा ना तिले."

 मग विमलताईंनी नळ बंद केला आणि तसंच भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "तिले नाही विकाचं, तानाबाई."

तानाबाईंनी फार काही विचारलं नाही. पदरानं त्यांचे ओले हात पुसले, जसे लेकराचे पुसतात तसे, आणि तडक बाहेर येऊन नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या. "चाला. मले नाई पसंत."

पुंडलिकराव चमकले. "काहून? आत्ता तर…"

"जिना वाईट हाये. ओल हाये. बाईमानसानं राहाचं घरच नोहे हे. कोनं बांधलं कोनाले ठाऊक. दगडासारखं घर हाये नुसतं."

तानाबाई विमलताईंची सुटका करत होत्या. एका खोट्यात सगळं निभावलं असतं. पुंडलिकराव गेले असते, घर राहिलं असतं, आणि विमलताईंचं मतही गावात जसंच्या तसं टिकलं असतं. पण विमलताई स्वयंपाकघराच्या दारातून हे ऐकत होत्या, आणि आपल्या घराला दुसऱ्या कुणी नावं ठेवलेली त्यांना सहन होण्यातली नव्हती.

"काय वाईट हाये माझ्या घरात?" त्या पुढे आल्या. "जिन्याची पायरी उंच हाये, तर कायले हाये? चारू रांगत होता तवा जिना चढून जाये अन् वरून पडे. म्हणून मीच गवंड्याले सांगितलं, उंच कर, पोरगं थांबलं पाहिजे. कोणी बांधलं म्हणता? या स्लॅबवर भर उन्हात बादल्यांनी पाणी कोणी घातलं? हे तर केळापूरले होते. मी घातलं. त्या खिडकीतून पाणी येते, येऊ द्या. तिच्यातून मले सकाळी पूर्ण गल्ली दिसते. ओल असंन, उधई असंन, माझी हाये. मी पाहून घेईन."

सगळे बघत राहिले. विमलताईंना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि डोळ्यांना पदर लावून सगळ्यांसमोर रडल्या. तानाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्यामुळेच सगळं झालं.

पुंडलिकराव भला माणूस. थोडा वेळ पाठ खाजवत बसले, मग म्हणाले, "बरं मंग ताई, आमच्यासाठी दुसरं पाहून देसान ना?"

"उद्याच जाऊ," विमलताई नाक ओढत म्हणाल्या. "मोतीनगरात एक हाये. पण त्याची न्हाणी नीट पाहा लागंन."

ते दोघं निघाले. विमलताई त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेल्या. दीनानाथराव मात्र जागचे हलले नव्हते. मग त्यांनी फोन ओढला आणि पुण्याचा नंबर फिरवला. मी उठायला लागलो तर हातानंच बस म्हणाले.

"चारू, घर विकायचं नाही," ते म्हणाले. पलीकडून तो काहीतरी बोलत होता, बहुधा गिऱ्हाईक पळालं का म्हणून विचारत होता. "नाही रे, गिऱ्हाईक चांगलं होतं. भावही बरोबर होता."  खिडकीतून फाटक दिसत होतं, आणि तिथे विमलताई तानाबाईंना काहीतरी हातवारे करून समजावत होत्या. "आपण दोघांनी तुझ्या आईला विचारलंच नव्हतं."