हिरवा रंग येईपर्यंत

रत्नमालाबाईंना मशीनचा राग नव्हता, हे आधी सांगायला हवं. कारण शाळेत नव्यानं आलेले तरुण गुरुजी त्यांचं नाव निघालं की हसून म्हणायचे, "बाईंना टॅबचं वावडं आहे." साफ खोटं. शेंद्र्याजवळच्या त्या शाळेत वर्गातल्या टीव्हीला मोबाईल जोडणाऱ्या पहिल्या त्याच. पोरांचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवायची युक्तीही त्यांचीच. स्वतःचा आवाज ऐकून पोरं हसून लोळायची आणि आपण कुठं अडखळलो ते आपणहून सांगायची. बाईंना काही बोलावंच लागायचं नाही. त्यांना तेच आवडायचं.

पण हे सगळं दमायच्या आधीचं. आता बाई चोपन्न वर्षांच्या. पुंडलिकनगरातून स्कूटीवर निघायचं, जालना रोडच्या ट्रकांमधून जीव मुठीत धरून शाळा गाठायची आणि फळ्याकडे बघायच्या आधी टॅब उघडायचा. हजेरीचा फोटो, खिचडीचा फोटो, हात धुतल्याचा फोटो. एकदा ऐन वेळी नेट गेलं, तर बिचाऱ्या पोरांनी जेवण झाल्यावर फोटोपुरते पुन्हा हात धुतले. अशा कामांनी माणूस थकत नाही, विटतो.

यंदा त्यात वाचनाच्या चाचणीची भर पडली. मुलानं टॅबसमोर उतारा वाचायचा, टॅबनं ऐकायचा आणि रंग द्यायचा. हिरवा म्हणजे वाचता येतं, लाल म्हणजे येत नाही. बाईंना कुणी काही विचारलं नव्हतं.

चौथीतल्या युसराला लाल आला.

युसरा म्हणजे वर्गातलं सगळ्यात गोड वाचन. घरी दखनी, गल्लीत मराठी, आणि दोन्हीकडे तोंड सारखंच चालू. पुस्तकात 'इथे' छापलेलं असलं तरी ती 'इथं' वाचायची. 'होय'चं 'व्हय' व्हायचं, 'नाही'चं 'नाय'. बाईंनी तिला कधी टोकलं नव्हतं. अर्थ आत पोचल्याशिवाय शब्द असा आपल्या बोलीत बाहेर पडत नाही, हे त्यांना तीस वर्षांत पुरतं कळलं होतं. भांडखोर म्हातारीचा धडा युसरानं वाचला की वर्ग पोट धरून हसायचा. टॅबनं मात्र त्याच वाचनात एकोणीस चुका काढल्या.

बाई मुख्याध्यापक दांडगे सरांकडे गेल्या. माणूस भला, पण वरून आलेल्या कागदापुढं हात टेकलेला.

"सर, पोरगी फडाफडा वाचती. मी लिहून देते तसं."

"तुमचं लिहिलेलं कोण घेतंय, बाई? टॅबचंच धरत्यात. दुसऱ्यांदा लाल आला की दिवाळीपर्यंत रोज दोन तास तिला दुसरीच्या पोरांत बसवायचं. मी तरी काय करू?"

दुसऱ्या दिवशी युसराचे वडील अन्सारभाई ड्यूटीवर जाता जाता फाटकाशी थांबले. "मॅडम, छोटे बच्च्यां में बिठाए तो मैं इस्कूलकू नै आती, बोल रई. रात से खाई नै कुछ."

दहा वर्षांपूर्वी बाई भांडल्या असत्या. अर्ज केला असता, कुणा साहेबापुढं पोरीला उभं करून वाचायला लावलं असतं. आता तेवढं बळ नव्हतं, आणि पोरीला तर यातून सोडवायलाच हवं होतं. म्हणून त्यांनी सोपा रस्ता धरला. आठवडाभर मधल्या सुट्टीत तिला घेऊन बसल्या.

"इथं नाय, इथे. सावकाश. एकेक शब्द सुटा. म्हातारीचा आवाज काढू नको, टॅबला कळत नाय."

पोरगी हुशार. शनिवारी सकाळी हिरवा आला. "सुटलो, बाई," दांडगे सर म्हणाले. बाईंनाही सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी घरी जाऊन त्या दुपारभर गाढ झोपल्या.

सोमवारी टॅब कपाटात होता. वर्ग जरा हलका व्हावा म्हणून बाई म्हणाल्या, "युसरा, म्हातारीचा धडा वाच गं." पोरं आधीच हसू दाबून बसली.

युसरा उभी राहिली. "म्हातारी. म्हणाली. इथे. माझी. कोंबडी. होती."

एकेक शब्द निवडलेल्या तांदळासारखा सुटा आणि स्वच्छ. कुणी हसलं नाही. मागं बसलेल्या प्रेरणानं जांभई दिली.

बाई खुर्चीतून उठून तिच्या बाकाशी आल्या. "अगं, तुझ्यासारखं वाच. आधी वाचायचीस तसं."

युसरा गोंधळली. "बाई, ते तर चूक हाय ना?"

"नाय गं. ते चूक नव्हतं. चूक मी केली."

बाईंच्या तोंडून असलं काही वर्गानं कधी ऐकलं नव्हतं. युसरालाही त्यातलं काही उमगलं नाही. बाईंना कशाचं तरी फार वाईट वाटलंय, एवढंच तिला कळलं. त्यांना बरं वाटावं म्हणून तिनं पुस्तक डोळ्यांजवळ धरलं आणि तोच धडा पहिल्यापासून वाचला, मघापेक्षाही सावकाश, एकही चूक न करता.