वरल्या खाचरातलं घर

कल्पना आणि मी पिरंगुटच्या एका कारखान्यात डिस्पॅचच्या एकाच टेबलावर अकरा वर्षं बसतो आहोत. माल भरलेली गाडी गेटबाहेर पडण्याआधी तिचे कागद कल्पनाच्या हातून जातात. चलनातली चूक तिला शोधावी लागत नाही, ती दिसतेच. मॅनेजरसुद्धा तिने सही केलेला कागद पुन्हा वाचत नाही. तिच्या घराबद्दल मी जे सांगणार आहे त्यातलं थोडं माझ्यासमोर घडलं आणि बाकीचं तिनेच मला सांगितलं. काही गोष्टी तर तिने नवऱ्यालाही सांगितलेल्या नाहीत.

ती निलंग्याकडची, नवरा दयानंद औशाचा. लग्न झाल्यावर पुण्याला आली आणि बावीस वर्षांत दोघांनी भाड्याची नऊ घरं बदलली. शेवटची खोली जांब्याला होती. तिथल्या मालकाने जुन्या खोल्या पाडून कंपनीतल्या पोरांसाठी इमारत काढायची ठरवली आणि यांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्याच वर्षी दयानंदची कंपनी बंद पडली. तो फिटर होता. हातात एकरकमी पैसे आले आणि मुलगी स्वरदा शिकायला नागपूरला गेलेली. दयानंद म्हणाला, "आता भाड्याच्या घरात मरायचं नाही."

कोळवणला अमोल नावाच्या माणसाची अकरा गुंठे जागा विकायला होती. त्याचे वडील वारले होते. सातबारावर दोनच नावं होती, अमोलचं आणि त्याची आई धोंडाबाईचं. वकिलाने कागद पाहिले आणि स्वच्छ आहेत म्हणाला. गावात त्या जागेला वरलं खाचर म्हणत. उतारावरच्या भातखाचरांतलं सगळ्यात वरचं, तिथून पार ओढ्यापर्यंत हिरवं दिसायचं.

खरेदी झाली. दोघांनी जागेवर पत्र्याची शेड टाकली आणि जांब्याचं सामान त्यात आणून रचलं. पायाची आखणी झाली त्या दिवशी कल्पनाने रजा घेतली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन तिने मला ती सगळी हकीकत दोनदा सांगितली. फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून झाल्यावर ती स्वयंपाकघराच्या चौकोनात जाऊन उभी राहिली होती. गवंडी हसत होता. ती हाताने दाखवत होती, इथे ओटा, इथे खिडकी, खिडकी मोठी हवी.

दयानंद दिवसभर कामावर उभा असायचा. विटा स्वतः मोजून उतरवायचा, वाळू चाळून घ्यायचा, सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचा. वर्षाच्या आत कॉलम उभे राहिले, स्लॅब टाकून झाला, भिंती खिडकीच्या उंचीपर्यंत आल्या. कल्पना सकाळी सातच्या एसटीने पिरंगुटला यायची. पदराला सिमेंट लागलेलं असायचं आणि ती ते झटकायची नाही.

चैत्रात गावची जत्रा होती. त्या दिवशी एक बाई बांधावरून चालत थेट बांधकामात शिरली. तिशी ओलांडलेली, हातात नारळ आणि हाराची पिशवी. कॉलमला हात लावून तिने विचारलं, "ह्ये कुनाचं चाललंय?"

"आमचं," कल्पना म्हणाली. "आपण?"

"मी गौतमी. अमोलची भन. ह्ये आमचं वरलं खाचर हाय." ती आजूबाजूला बघत राहिली. "कदी इकलं?"

अमोलला बहीण आहे हे कल्पनाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पुढच्या पंधरा दिवसांत सगळं बाहेर आलं. वडील गेल्यावर अमोलने वारसनोंद करताना लिहून दिलं होतं की मयताच्या मागे बायको आणि एक मुलगा. बस. धोंडाबाईने त्यावर अंगठा दिला होता. गौतमी तलाठ्याकडून नक्कल घेऊन आली आणि तिने दावा लावला. कोर्टाने जैसे थे ठेवायला सांगितलं. विटेवर वीट चढवायची नाही.

काम थांबलं ते एकोणीस महिने.

मुळशीचा पाऊस पत्र्याच्या शेडमध्ये राहून काढणं म्हणजे काय ते शेजारी बसून मला कळत होतं. कल्पनाचे कपडे ओलसरच असायचे. डब्याच्या पिशवीला बुरशीचा वास यायचा. स्वरदा दिवाळीला आली आणि चार दिवसांत मैत्रिणीकडे जाते सांगून निघून गेली. अर्धवट घरात गावातल्या म्हशी पावसाच्या आडोशाला येऊन बसायच्या. पुढच्या खोलीत गवत उगवलं. दयानंद सकाळी उठून शेण काढायचा आणि त्या खिडकीएवढ्या भिंतींवर पाणी मारायचा. भिंतींना पाण्याची गरज उरली नव्हती. कल्पनाने एकदा तसं म्हटलं तर तो बादली आपटून म्हणाला, "मग काय करू? तू जातेस ऑफिसात पंख्याखाली बसायला."

तो बोलण्यात कडू होत गेला. पूर्वी असा नव्हता. अमोलला तो शिव्या द्यायचा नाही, कारण अमोल रोज भेटायचा, चहा पाजायचा, "साहेब, मिटवतो मी" म्हणायचा. त्याचा सगळा राग गौतमीवर. लग्नात दिलं-घेतलं असताना पुन्हा वाटा मागायला येते, या बायकांनी कायद्याचा धंदा केलाय, असलं काहीबाही. कल्पना ऐकून घ्यायची. तिने स्वतः वडील गेल्यावर निलंग्याला जाऊन दोन्ही भावांच्या नावे हक्कसोड लिहून दिलं होतं. दयानंदला ते माहीत होतं. तेव्हा त्याला ते योग्य वाटलं होतं.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी अमोलने तोडगा आणला. गौतमीने हक्कसोड द्यावं, दावा मागे घ्यावा. आई समजावते आहे, पण ती ऐकत नाही.

दयानंद कल्पनाला म्हणाला, "तू जा. बाईचं बाई ऐकते."

गौतमी उरवड्याला राहायची. नवरा टेम्पो चालवायचा, ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची. रविवारी दुपारी कल्पना तिच्याकडे गेली. गौतमीने तिला आत घेतलं, पाट दिला, चहा टाकला.

"ताई, तुमच्यावर माजा राग न्हाई," ती म्हणाली. "तुमी पैसं मोजलं. पर तुमीच सांगा, माज्या भावानं सरकारी कागदावर लिवून दिलंय, मयताला मुलगी न्हाई. मी जित्ती हाय. आयनं त्यावर अंगठा उठवला. मंग मी कोन हाय?"

कल्पनाने चहाची बशी खाली ठेवली. ती म्हणाली, "जमिनीचं काय घेऊन बसलीस? कोर्टात वर्षं जातील. तुझं माहेर तुटेल."

"तुटलंच हाय की. आय बोलत न्हाई. जत्रेला गेले तर भावानं दार लावून घेतलं."

आणि मग कल्पना जे बोलली ते तिने मला सांगितलं तेव्हा ती टेबलाच्या कडेला नखाने खरवडत होती. ती गौतमीला म्हणाली, "मीही सही दिली. वडील गेल्यावर दोघा भावांना सगळं लिहून दिलं. माझं काही बिघडलं नाही बघ. दर दिवाळीला भाऊ न्यायला येतो. भावजया हातावर झेलतात. जमिनीपेक्षा ते मोठं असतं."

"खरं?"

"तुझ्याशी खोटं कशाला बोलू?"

खरं असं होतं की सही दिल्यानंतर दोन वर्षं राखीला बोलावणं आलं, मग ते थांबलं. आई गेली तेव्हा तिला फोन आला दुसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर. आम्ही दोघी त्या दिवशी ऑफिसात होतो. फोन ठेवून ती उठली, बाथरूममध्ये जाऊन आली आणि तीन गाड्यांचे कागद पूर्ण केले.

गौतमीने रिकामे कप उचलले. मग म्हणाली, "आय म्हातारी झालीय. तिच्या हातची भाकर खाऊन दोन वर्सं झाली." दारापर्यंत सोडायला आली तेव्हा तिने कल्पनाच्या कपाळाला कुंकू लावलं.

आठ दिवसांनी हक्कसोडाचा मसुदा दयानंदच्या फोनवर आला. त्याने तो कल्पनाला पाठवला, नीट वाचून घे म्हणून. जेवणाची सुट्टी होती. मी डबा उघडत होते. तिने वाचला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. वरल्या खाचराचा गट नंबर एकच. कागदावर चार गट नंबर होते. अमोलने ओढ्यापर्यंतची सगळी वडिलार्जित जमीन त्यात घातली होती. गौतमी एका खाचरावरचा हक्क सोडते आहे असं समजून सगळ्यावरचा सोडणार होती.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही," म्हणून तिने फोन पालथा ठेवला.

संध्याकाळी तिने दयानंदला सांगितलं. तो म्हणाला, "आपल्याला आपल्या गटाशी मतलब. त्यांचं ते बघतील."

"तिला माहीत नाही."

"मग जा, सांग तिला. आणि राहा या शेडमध्ये."

ती गेली नाही. नोंदणीच्या दिवशी मात्र तिने रजा टाकली आणि तिथे हजर राहिली. गौतमीने कागद हातात घेऊन उलटसुलट केला आणि कल्पनाकडे पाहिलं. कल्पनाने होकाराची मान हलवली. धोंडाबाईने लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, गौतमी रडली आणि सही झाली. अमोलने सगळ्यांना भेळ खाऊ घातली.

घर सात महिन्यांत पूर्ण झालं. दयानंदने दारं सागवानी केली, ओट्याला काळा दगड लावला, खिडकी तिला हवी तेवढी मोठी ठेवली. वास्तुशांतीला आम्ही ऑफिसातले सगळे गेलो होतो. घर खरोखर चांगलं होतं. दयानंद एकेकाला हाताला धरून नळ, फ्रेम, गच्चीचा उतार दाखवत होता. इतक्या दिवसांनी मी त्याला हसताना पाहिलं आणि मला त्याच्याबद्दल वाईटही वाटेना आणि चांगलंही.

त्या दिवाळीनंतर अमोलने खालची तिन्ही खाचरं एका पुण्याच्या माणसाला विकली. जेसीबी आला, बांध सपाट झाले, पत्र्याचं उंच कुंपण उभं राहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आता ओढा दिसत नाही, निळा पत्रा दिसतो. अमोलने पिरंगुटला फ्लॅट घेतला आणि आईला तिकडे नेलं. गावातल्या घराला कुलूप.

गौतमीला हे कुणी सांगितलं नाही. ती पौषात आईसाठी तिळाचे लाडू घेऊन आली, कुलूप बघून मागे फिरली, वाटेत तलाठ्याशी बोलली आणि एसटीला वेळ होता म्हणून वरल्या खाचराकडे आली. ओसरीच्या पायरीवर बसली. कल्पनाने पाणी दिलं. गौतमी खालच्या कुंपणाकडे बघत होती.

"तलाठ्यानं सांगितलं आत्ता," ती म्हणाली. "चारी गट मीच सोडलंत म्हनं. सही माजी हाय."

कल्पना उभीच होती.

"ताई, तुमी शिकलेल्या. त्यो कागद तुमी वाचला व्हता का?"

कल्पना 'नाही' म्हणू शकली असती. गौतमीला कळायचा मार्ग नव्हता.

"वाचला होता."

गौतमीने तांब्या खाली ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कल्पना मला म्हणाली. गौतमीने फक्त विचारलं, "आन् तुमचं भाऊ?"

"येत नाहीत. बारा वर्षं झाली."

"व्हय," गौतमी म्हणाली. लाडवांची पिशवी उचलली आणि पदर खोचून रस्त्याला लागली. कल्पना फाटकापर्यंत मागे गेली आणि तिथेच थांबली.

दयानंद मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीचा नळ बसवत होता. कल्पना तिथे जाऊन म्हणाली, "घरपट्टीवर, सातबारावर, सगळीकडे तुमचं एकट्याचं नाव आहे. माझंही लावा."

त्याने पान्हा न थांबवता विचारलं, "आता हे काय नवीन? तुला कोण बाहेर काढतंय?"

तिने दोनदा पुन्हा विषय काढला. दुसऱ्यांदा तो चिडला. पुन्हा वकील, पुन्हा कागद, त्याला कागदांचा वीट आला आहे. तेव्हापासून दोघं घरात कामापुरतं बोलतात. तो गच्चीवर आणखी एक खोली काढायच्या विचारात आहे.

कल्पनाला नोकरीची दोन वर्षं उरली आहेत. आमच्याकडे बहुतेक जण निवृत्तीचे दिवस मोजतात. परवा ती मला हळूच म्हणाली, "मॅनेजर तुझं ऐकतात. मला पुढे दोन-तीन वर्षं ठेवून घेतात का विचार ना. पगार कमी दिला तरी चालेल."

"एवढं घर बांधलंस, त्यात राहायचं नाही का?" मी म्हटलं.

तिने समोरचं चलन ओढलं आणि आकडे तपासायला लागली.