पानाच्या डब्यातला मोबाईल

युसूफ गेल्याची बातमी आली तेव्हा माझा मोबाईल सीटखालच्या पानाच्या डब्यात होता. मी सिन्नरहून जीप भरून नाशिकला निघालो होतो. तीनदा वाजला, तिन्ही वेळा डबा उघडला नाही. स्टँडवर सवाऱ्या उतरवल्या, मग फोन लावला... त्याचा मुलगा म्हणाला, "चाचा, अब्बा गेले." लोक म्हणतात, दोस्ताची बातमी अर्धा तास उशिरा घेतली. घेतली! धावत्या गाडीत घेतली असती तर त्यानेच उठून शिव्या दिल्या असत्या.

मी चौथी शिकलेला माणूस, पण पंचवीस वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही. युसूफची जीप माझ्याच लाईनीला. सवाऱ्या भरायच्या नंबरावरून रोज भांडायचो आणि एक चहा दोघांत प्यायचो. मोबाईल आले तेव्हा स्टँडवर पहिला मी घेतला आणि एका हाताने गाडी चालवत मिरवू लागलो. युसूफ ओरडला म्हणून कानात घालायची वायर आणली. म्हटलं, "आता बोल! दोन्ही हात स्टेअरिंगवर हायेत."

एकदा त्याची जीप गॅरेजला होती, म्हणून तो माझ्या शेजारी बसला. वाटेत कळवणहून फोन आला, वऱ्हाडाला गाड्या पाहिजेत. माणसं किती, गाड्या किती, निघायचं कधी... बोलणं झालं तसं युसूफने विचारलं, "नाम्या, तुझ्या गावच्या फाट्यावर कोण उभं होतं?"

"कुणी नाय."

"तुझी सुनंदा होती. हात करत होती."

आम्हा जीपवाल्यांचं पोट रस्त्याकडेच्या हातावर. लांबून हात दिसला नाही तर कसला ड्रायव्हर? आणि मला पोटच्या पोरीचा दिसला नाही. ती अंबडला कंपनीत जायची, रोज माझ्याच गाडीने. संध्याकाळी म्हणाली, "आप्पा, तुम्ही माझ्याकडं बघितलं हो. बघून पुढं गेलात. मला वाटलं, रागावलात."

युसूफ त्या दिवशी एवढंच बोलला होता, "हात मोकळे हायेत रे, डोकं कुठंय? ते कळवणला वऱ्हाड बसवत होतं. पोरगी रस्त्यात पुढं आली असती तर?"

"तू नको शिकवू मला," म्हणालो आणि आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी त्याने आपला पितळी पानाचा डबा माझ्या सीटवर आणून ठेवला. "डॉक्टरनं माझं पान सोडवलं. आता तुझं व्यसन ठेव यात."

डबा मी परत केला नाही. चुकलो, असंही कधी म्हणालो नाही. तो हयात असताना तोंडातून निघालं नाही, ते आज लिहितो... चुकलो होतो, युसूफ.

आता लाईनीतल्या बऱ्याच गाड्यांत असा एकेक डबा आहे. कुणाचा बिस्किटाचा, कुणाचा जेवणाचा. माझ्या गाडीत तर सवाऱ्याच म्हणतात, "आप्पा, डबा लावला का?" मी झाकण उघडतो. अजून काताचा वास येतो. मोबाईल आत ठेवतो, "बस नीट," असं हळूच म्हणतो आणि गाडी काढतो. फाटा यायला अजून अवकाश असतो, तेवढ्यात लांबून सुनंदाचा हात दिसतो.