फिक्कं हाय गो

"फिक्कं हाय गो," असं म्हणत काका लेबल ट्यूबलाइटखाली धरायचे आणि प्रिंटरची हीट एका आकड्याने वाढवायचे. महाड एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कारखान्यात ड्रमवर लागणारं प्रत्येक लेबल त्यांच्या हातून निघायचं. मी शेजारच्या टेबलावर डिस्पॅच सांभाळते. तुमच्याही कामावर असा एखादा असेलच, ज्याच्या मशीनला दुसऱ्याने हात लावलेला खपत नाही. आमचे काका त्यातलेच.

हीट कमी पडली तर अक्षरं पुसट येतात. जास्त झाली तर बारकोडच्या रेघा फुगून एकमेकींना चिकटतात आणि स्कॅनर मुकाट बसतो. हे मला त्यांनीच शिकवलं, तेही ओरडून ओरडून. भाकरी भाजता येते ना, मग हेही येईल, असं वर ऐकवायचे. मला भाकरी येत नाही हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मग लेबलं काळी यायला लागली. काळी म्हणजे अगदी काजळी. पार्टीकडून फोन आले, सुपरवायझर डाफरला. काकांनी रिबनला शिव्या दिल्या, मग रोलला, मग हवेतल्या ओलीला. मेकॅनिक येऊन हीट मधोमध लावून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत टोकाला. माझं डोकंच फिरलं. ताजं लेबल त्यांच्या नाकासमोर धरून मी म्हटलं, "काका, वाचा बरं."

त्यांनी घडाघडा वाचलं. मालाचं नाव, वजन, बॅच नंबर. फक्त बॅच नंबर कालचा होता.

मी आजचा नंबर वाचून दाखवला.  काका हळूच म्हणाले, "कोणाला बोलू नको. ठेकेदाराला कळलं तर गेट बंद होईल माझं."

शुगर डोळ्यांवर गेली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही जाईल. घरात कमावणारे हे एकटेच. एवढं ऐकल्यावर मी काय करणार? ते हीट वाढवायचे, त्यांची पाठ वळली की मी कमी करायचे. दिवसभर आमचं हेच. त्यांना कळत होतं, मला खात्री आहे, पण त्यावरून ते मला कधी ओरडले नाहीत. काही महिने असे निघाले. चांगले निघाले असं मात्र म्हणवत नाही.

एक दिवस अ‍ॅसिडच्या ड्रमवर त्यांनी भलतंच लेबल लावलं. गेटवर सापडलं म्हणून निभावलं. कोणी काही विचारायच्या आत काका स्वतःच साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"मला दिसत नाय साहेब," ते म्हणाले. "कोणाच्या तरी अंगावर उडालं असतं."

साहेबांनी पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा गेटपास बंद केला. मला इतका संताप आला, आणि चिडायचं कोणावर तेच कळेना. काका गेटवर सगळ्यांना जयभीम करून निघून गेले.

मे महिन्यात मी नाते गावी त्यांच्या घरी गेले. भर दुपार, उन्हाने अंगणात पाय ठेववत नव्हता. काका दारातल्या सावलीत बसले होते. आवाजावरून ओळखलं, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. कारखान्याचं काही विचारलं नाही. मग मान वर करून म्हणाले, "आज आभाळ लय दाटलंय, नाय गो?"

त्यांची बायको उंबऱ्यात थांबून माझ्याकडे बघत होती.

"हो काका," मी म्हटलं, "दाटलंय."