टेकडीवरचा सपाट दगड

हवाईतल्या मोलोकाई बेटाच्या आमच्या किनाऱ्यावर काहोलोइतका तोरा दुसऱ्या कुणाचा नव्हता. टेकडीवरच्या सपाट दगडावर बसून तो आकुले माशांचा थवा हेरायचा आणि पांढरे झेंडे हलवून खालच्या होड्या वळवायचा. त्या दगडावर टेहळ्याखेरीज कुणी बसत नसे. बायको लेइमोमी शेजारी चटईवर फुलं ओवत बसायची.

पुढे काहोलोचा मोतीबिंदू पिकला, तरी मासे हुकले नाहीत. "नजर डोळ्यांत नसते रे, अनुभवात असते!" म्हातारा म्हणायचा, आणि आम्ही नंदीबैलासारख्या माना डोलवायचो.

यंदा तो होनोलुलूला जाऊन ऑपरेशन करून आला. मग काय विचारता! भिंतीवरची पाल, होडीचा उडालेला रंग, पुतण्या नाइनोआची ढेरी, सगळ्यावर टीका सुरू झाली. नाइनोआच्या मुलीचा पहिला वाढदिवस तोंडावर आला होता. आमच्याकडे तो लग्नाच्या थाटात होतो. अख्खं गाव जेवायला येतं आणि मासा आमच्याच जाळ्यातला लागतो.

आदल्या दिवशी सकाळी काहोलो बायकोला म्हणाला, "आता तू कशाला वर? घरी बसून तारोचे कंद सोल."

वरून त्याला लाटेवरचा फेससुद्धा स्वच्छ दिसत होता. काळसर पट्टा दिसताच त्याने झेंडे उचलले. जाळ्यात आली एक रबरी चप्पल.

"अंकल, पाहुण्यांना चप्पल तळून वाढायची का?" नाइनोआ खालून ओरडला.

दुसऱ्यांदा जाळं खडकात अडकलं. किनारा हसून लोटपोट झाला. काहोलोचं तोंड उतरलं. पोरीच्या वाढदिवसाला गाव उपाशी उठणार! त्याने सवयीने बाजूला पाहिलं. चटई रिकामी होती.

'त्या खडकाच्या डावीकडे काळसर काय आहे?' असं लेइमोमी रोज सहज विचारायची. 'ते मी केव्हाच पाहिलंय!' असं गुरकावून तो झेंडे उचलायचा. इतकी वर्षं हेच चाललं होतं. म्हाताऱ्याला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग तो एकटाच खो खो हसत सुटला.

तो तडक स्वयंपाकघरात गेला. "चल वर. मला मासे दिसत नाहीत."

"नवे डोळे केलेस ना?"

"ते कामाचे नाहीत. तू हवीस."

वर येताच त्याने तिला दगडावर बसवलं.

"अरे, खालून सगळे बघतायत!"

"बघू देत."

तिने पाणी न्याहाळलं. "ढगाची सावली वाऱ्याबरोबर सरकते. ती बघ, ती वाऱ्याच्या उलट येतेय, म्हणजे मासेच." झेंडे तिनेच हलवले. जाळं इतकं जड झालं की ओढायला अख्खं गाव लागलं.

"आंटी, टेहळ्याचा वाटा तुझा!" नाइनोआ नाचत ओरडला.

काहोलो चटईवर बसून फुलं ओवत होता.

"सगळी उलटी ओवलीस. लक्ष कुठंय?"

"तुझ्याकडे. केस किती पांढरे झालेत गं तुझे!"

"मेल्या, आज दिसले होय?"

"आजच," तो म्हणाला, आणि ती उलटी माळ त्याने तिच्या गळ्यात घातली.