बेटावरच्या पोराची चौकशी

संशयाला खतपाणी लागत नाही. आमच्या आर्णीकडे तर तो शेताच्या धुऱ्यावरही उगवतो! मी सुट्टीवर गावी येतो तेव्हा बॅगेत दोन-चार कपडे असतात, आणि परत जाताना सोबत एखादा नवा किस्सा. असे इतके साठलेत की आता कोणाला तरी सांगितल्याशिवाय जमायचं नाही.

मी वनरक्षक. भरती झालो कोकणात, आणि पोस्टिंग मिळालं थेट समुद्रात! किनाऱ्यापासून बरंच आत एक खडकाळ बेट आहे, समुद्रपक्ष्यांसाठी राखीव. सुरय नावाचे पक्षी तिथे उघड्या खडकावरच अंडी घालतात. भोवतीच्या पाण्यात डॉल्फिन फिरतात. माणसाला उतरायला बंदी. आम्ही पाळीपाळीने बेटाच्या टोकावरच्या शेडमध्ये राहतो आणि येणाऱ्या होड्या परत पाठवतो. ड्युटी एवढीच.

आता हे ज्या गावाने आयुष्यात समुद्र पाहिला नाही, त्याला पटवून सांगा बरं!

*

पहिल्या सुट्टीत बंड्याच्या टपरीवर गेलो. बंड्या माझा शाळेपासूनचा मित्र. त्याची चहाची टपरी म्हणजे आमच्या गावचं हायकोर्ट.

"गजू, नेमकं काय करून राह्यला तू तिकडं?"

"पाखरं सांभाळतो."

"कोनाचे?"

"सरकारचे."

"मंग अंडे कोन घेते?"

"कोणीच नाही."

बंड्याने गाळणी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी त्याच्या गल्ल्यात हात घातला.

"सांगाचं नसन तर सांगू नको, बाप्पा. पण मित्रायले तरी फेकू नको!"

*

घरीही तेच. माझ्या मायचं अख्खं आयुष्य शेतात गेलं. ज्वारी हुरड्यात आली की शेतातल्या उंच माळ्यावर उभं राहायचं आणि गोफणीने पाखरं हाकलायची. राखणदार आणि पाखरू यांचं एवढंच नातं तिला माहीत. मी तिला कितीदा सांगितलं की ही पाखरं हाकलायची नसतात, त्यांना राहू द्यायचं असतं. ती म्हणाली, "हो हो," आणि निघताना बॅगेत काहीतरी कोंबलं.

किनाऱ्यावर आमच्या साहेबांनी सहज बॅग तपासली. लाडवांच्या डब्याखालून निघाली नवीकोरी गोफण! सोबत निवडून घेतलेले गोल गोल दगड.

"गजानन, पक्ष्यांच्या बेटावर गोफण?"

"आईने दिलीय, साहेब."

त्या दिवसापासून साहेब दर वेळी माझी बॅग उघडतात. लाडवाचा डबासुद्धा! आणि आता तर लाडू फोडूनही बघतात. मला वाटतं, त्यातला संशय केव्हाच संपलाय. लाडू चांगले असतात.

*

म्हटलं, पुरावा दाखवू. पुढच्या सुट्टीत डॉल्फिनचा व्हिडिओ घेऊन आलो. मोबाईल हातोहात फिरला. बंड्याने तो दोनदा पाहिला, डोळे बारीक केले आणि निकाल दिला.

"हे एआय हाय."

"अबे, मी स्वतः काढला! हा माझा आवाज आहे त्यात!"

"आवाजबी बनवता येते आता."

त्याच आठवड्यात ग्रुपवर एक क्लिप आली होती, आर्णी रोडवर वाघ. त्यातल्या वाघाला एक पाय जास्त होता. पण तो पाहून अख्खं गाव दिवस मावळायच्या आत दार लावून बसलं. बंड्याने तर टपरी लवकर बंद केली!

*

आतापर्यंत हसण्यावारी नेलं. पण पुढे प्रकरण माझ्या लग्नावर आलं.

आमच्याकडे सोयरीक जुळवायची एक पक्की पद्धत आहे. तुरी निघाल्या, कापूस विकला, माणसं मोकळी झाली की पोरीचा बाप चौकशीला निघतो. पोरगा जिथे नोकरी करतो तिथे जातो. समोरच्या पानठेल्यावर विचारतो, घरमालकाला विचारतो, शेजाऱ्याला विचारतो. पोरगा पितो का, रात्री केव्हा येतो, भांडतो का. पोराला सोडून सगळ्यांना विचारतो!

माझी पहिली सोयरीक दारव्ह्याची. पोरीच्या मामाने विचारलं, "तुमच्या बाजूले कोन राहते?"

"कोणीच नाही."

मामांनी कपातला चहा अर्धाच ठेवला. "जिथं कोनी पाहत नाही तिथं मानूस कसा वागते, हे इचारावं कोनाले?"

सोयरीक मोडली. दुसरीही अशीच मोडली. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता. एवढी मोठी माणसं, आणि पानठेल्यावाल्याच्या शब्दावर पोरगी देतात!

*

तिसरं स्थळ मारेगावकडचं. पोरीचे वडील नामदेवकाका, पांढरी टोपी, कमी बोलणारा माणूस. त्यांची पोरगी वैशाली औषधांच्या दुकानात कामाला. पाहण्याच्या कार्यक्रमात तिने एकच विचारलं.

"तिथं भेव वाटते का?"

"वाटते. वारा सुटला की."

इतक्या दिवसांत मला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता, ज्यात संशय नव्हता. मला ती आवडली. सरळ सांगतो, फार आवडली. ही सोयरीक मोडू नये म्हणून मी त्या रात्री देवाला नारळ कबूल केला.

नामदेवकाकांचे प्रश्न मात्र वेगळे होते.

"तिथं पानठेला?"

"नाही, काका."

"घरमालक?"

"नाही."

"समोर कोनाचं घर?"

"समोर समुद्र आहे."

काकांनी टोपी चाचपली. मग म्हणाले, "पाहू."

आमच्या भागात 'पाहू' म्हणजे 'नाही.' माय तर रडायलाच लागली.

*

आता माझ्या संशयाचंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा मोठा साधू! ड्युटीवर माझ्याइतका संशयी माणूस सापडणार नाही. बेटाजवळ येणारी प्रत्येक होडी एकच सांगते, "इंजिन बंद पडलं!" कोणाला अंडी हवी असतात, कोणाला फोटो. एकदा एक पर्यटक म्हणाला, "फक्त लघवीला उतरतो."

मी म्हटलं, "साहेब, समुद्र एवढा मोठा आहे!"

एक माणूस उतरला तरी पक्षी एकदम उठतात, अंडी उन्हात उघडी पडतात, शिजून जातात. एकाला सोडलं की दुसऱ्याला अडवायला तोंड राहत नाही. म्हणून मी कोणालाच सोडत नाही.

*

अशाच एका सकाळी एक होडी सरळ बेटाकडे आली. होडीवाला लांबूनच ओरडला, "इंजिन बंद पडला!"

मी दुर्बीण लावली. मधोमध एक माणूस बसला होता. कानाला दुपट्टा, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरलेली, मान होडीबाहेर, आणि ओकाऱ्या सुरू. त्याने तोंड वर केलं. पांढरी टोपी!

मी खडकावरून ओरडलो, "थांबा! पुढे येऊ नका!"

"अरे, मी मारेगावचा नामदेव!"

"ओळखलं, काका! राम राम!"

"मंग उतरू दे न, बाबू! जीव चालला माहा!"

"नाही जमत, काका! खाली सगळीकडं अंडे आहेत!"

एव्हाना सुरय उठले होते. डोक्यावर नुसता कालवा. झेपा घालत होते, ओरडत होते, आणि त्यांना जे करायचं ते त्यांनी काकांच्या टोपीवर केलं. काकांनी टोपी सावरली.

"मी पोरीचा बाप आहो!"

"माहीत आहे, काका!"

"एक पाय ठेवतो खडकावर. लगेच वापस जातो. कोन पाहून राह्यलं इथं?"

मी आजूबाजूला पाहिलं. पक्षी, पाणी आणि आम्ही. सहकारी किनाऱ्यावर गेलेला. खरंच कोणी पाहत नव्हतं. डोळ्यांपुढे वैशाली आली, माय आली.

"कोणीच नाही, काका. पण उतरू नका."

मी पाण्याची बाटली होडीत फेकली. काकांनी चूळ भरली, पाणी प्यायले, माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग होडीवाल्याला म्हणाले, "चाल."

इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं!

मी खडकावर बसून राहिलो. त्या दिवशी जेवलो नाही. रेंज आली तेव्हा मायला फोन केला, म्हटलं, "हेही गेलं."

काही दिवसांनी मायचा फोन आला. आवाज कापत होता. नामदेवकाका घरी येऊन एवढंच बोलून गेले होते, "मुहूर्त काढा."

लग्न मारेगावला झालं. बंड्या माझ्या बाजूला उभा राहून पंगतीवर नजर ठेवून होता. तेवढ्यात दारव्ह्याचे ते मामाही आलेले दिसले. त्यांनी नामदेवकाकांना मांडवात सगळ्यांसमोर गाठलं.

"नामदेवराव, त्या बेटावर तं चिटपाखरू नाही म्हनतात. पोराची चौकशी केली कोनाजवळ?"

नामदेवकाकांनी डोक्यावरची टोपी काढली, उलटसुलट पाहिली, झटकली आणि पुन्हा नीट बसवली.

"शेजाऱ्यायले भेटलो न त्याच्या."